चौदाही पोत्यांतून

अकोला, ५ नोव्हेंबर २०२४

नितेश,

तुझ्या फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, हे कळायला मला तीन आठवडे लागले. म्हणून पत्र. हे फाडायचे असेल तरी आधी हातात घ्यावे लागेल.

परवा भाऊबीज झाली. मी गावी होते. चांदूर रेल्वेला उतरून ऑटोने घरी पोचले, तर बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसलेले. विचारले, "कुठे निघालात?" तर म्हणाले, "कुठी नाई. नितेश येईन म्हनलं." अमरावतीहून आपले गाव मोटारसायकलवर पाऊण तास. पाऊण तासाच्या रस्त्याकडे ते दिवसभर बघत बसले. दिवेलागणीला त्यांनीच सांगितले, "चंद्राले ओवाळ अन् जेवून घे, मंजू." ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे, एका शोरूममध्ये ट्रॅक्टर विकतो, आणि मी चंद्राला ओवाळले.

जूनमध्ये जे झाले ते वाईटच झाले. बाबांच्या घरचे सोयाबीनचे बी अकरा घरांनी पेरले आणि उगवले नाही. वीस-बावीस वर्षे गाव "वामनरावचं बी" डोळे झाकून नेत आले, आणि एका हंगामात ते संपले. नत्थुजींनी दुबार पेरले. पार्बताबाईंच्या तीन एकरांत ती सोयही झाली नाही, वावर पडीक राहिले. हे मला माहीत आहे. पण मारुतीच्या पारावर, त्या अकरा घरांसमोर, तू स्वतःच्या बापाला काय म्हणालास, तेही मला माहीत आहे. "या म्हाताऱ्यानं मलेबी फसोलं." आणि आठवड्याच्या आत बाळंतीण बायको आणि दहा दिवसांची पोर घेऊन अमरावतीला बिऱ्हाड केलेस. आजोबांनी नातीचा चेहरा फोनवर बघितला आहे, तोही माझ्या.

बाबांनी चूक केली. ती चारचौघांत कबूल केली. कबूल करणाऱ्या माणसाला इतकी शिक्षा कोण देते? चोरालाही नाही देत.

आकांक्षाला आणि पोरीला आशीर्वाद. तुला अजून नाही.

— मंजुताई


अकोला, २४ नोव्हेंबर २०२४

नितेश,

पाकिटावर अक्षर आकांक्षाचे, आत चार ओळी तुझ्या. त्या इथे उतरवते, म्हणजे मी काही गाळले असे तू म्हणणार नाहीस: "बाबानं एका चांगल्या पोत्यातलं बी काढून तुह्या लॅबमधी तपासाले पाठोलं अन् बाकीचं मेलेलं बी लोकाइले देल्लं. हे त्याइनं सोता सांगतलं. तू हे खोटं म्हनतं काय? म्हनत असशीन त लिही. नाई त मले पत्र पाठू नको."

उत्तर देण्याआधी तुला एक आठवण करून देते.

तू बारावीला होतास. जीवशास्त्रात श्वसनाचा धडा तुझ्या डोक्यात शिरत नव्हता. शेजारी स्लॅब पडत होता. मी तुला गच्चीच्या कठड्यावर बसवून मजुरांची ओळ दाखवली. घमेले खालून वर हातोहात चालले होते. म्हटले, पेशीत हेच चालते. अन्नातले इलेक्ट्रॉन असेच एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातात. जो देतो त्याचे ऑक्सिडीकरण झाले, जो घेतो त्याचे क्षपण. प्रत्येक हातबदलीत थोडी ऊर्जा सुटते आणि पेशी ती कामाला लावते. सगळी साखर एकदम पेटवली तर भडका उडेल आणि हाती काही लागणार नाही. म्हणून ही ओळ. आणि ओळीच्या टोकाला ऑक्सिजन उभा. शेवटचे घमेले तो घेतो आणि त्याचे पाणी होते. मी विचारले, "शेवटच्यानं घ्यायचं थांबवलं तर?" तू लगेच म्हणालास, "मंग सारी लाइनच थांबते ना, ताई." त्या पेपरात तुला बाकी काही आले नाही, पण एवढे आले होते.

आता पोत्यातल्या बियाकडे ये. पोत्यातले बीही जिवंत असते. ते फार सावकाश श्वास घेते, स्वतःमधलेच अन्न चमचा-चमचा जाळत हंगामाची वाट बघते. गार आणि कोरड्या जागी ते वर्षभर टिकते. उकाडा आणि ओल मिळाली की श्वास वाढतो. त्या श्वासातून उष्णता आणि पाणी बाहेर पडते, त्याने ओल वाढते, ओलीने श्वास आणखी वाढतो. सोयाबीन तर तेलाचे बी. उन्हाळ्यात त्यातले तेल खवट होऊ लागते आणि पेशींची पातळ आवरणे आतून फुटतात. वरून दाणा तसाच पिवळा, गोल.

मागची मातीच्या भिंतींची खोली बियाची. आई होती तेव्हाही तिथे दुसरे काही ठेवत नसत. एप्रिलमध्ये आकांक्षाच्या डोहाळजेवणाला पाहुणे येणार, म्हणून ती खोली कोणी रिकामी करवली? चौदा पोती टिनाच्या शेडमध्ये कोणी टाकली? त्यात अवकाळी आला म्हणून ताडपत्री घट्ट आवळून कोण निघून गेले? नऊ दिवस, नितेश. बाहेर त्रेचाळीस डिग्री. ताडपत्री काढली तेव्हा बाबांनी पोत्यात हात घातला होता आणि मला फोनवर सांगितले होते, "आतून ऊब लागून राहिली." पारावर हे त्यांनी कोणाला सांगितले? तुझे नाव घेतले?

बापाला खोटारडा म्हणण्याआधी ती ताडपत्री आठव.

— मंजुताई


अकोला, १६ जानेवारी २०२५

नितेश,

उत्तर नाही. तुझा प्रश्न हो-नाहीचा होता आणि मी तीन पाने भरून दुसरेच लिहिले, हे तुझ्या लक्षात आले असणार. माझ्याही आले. पत्र पेटीत पडल्यावर आले, असे लिहिणार होते. पण ते खरे नाही. लिहितानाच आले होते.

संक्रांतीला गावी जाऊन आले. बाबा तिळगूळ घेऊन दरवर्षीसारखे घरोघर निघाले. मी म्हटले, यंदा नका जाऊ. म्हणाले, "काहून? संक्रांत लोकाइची नाई काय?" मीही बरोबर गेले. नत्थुजींच्या ओट्यावर चार-पाच जण बसले होते. बाबांनी डबा पुढे केला. नत्थुजींनी एक लाडू उचलला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "वामनराव, हे साऱ्या डब्यातले हायेत ना बाप्पा? का वरचे वरचे चांगले ठुले?"

सगळे हसले. बाबाही हसले. "खाऊन त पाय लेका," म्हणाले. ते हसले हे मला जास्त लागले.

पार्बताबाईंकडे गेलो, त्या मात्र हसल्या नाहीत. तिळगूळ घेतला, देव्हाऱ्यात ठेवला. आम्ही परत फिरलो तेव्हा मागून एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी मले सांगाचं होतं. मी दुसरीकडून आनलं असतं." बाबा थांबले, "हो," म्हणाले आणि चालू लागले. रस्ताभर मी त्यांच्या मागे दोन पावले होते. बोलायला पाऊण किलोमीटर होता. तो तसाच संपला.

या पत्राचे एक पान मी दोनदा लिहून फाडले आहे. तू ओळखू शकणार नाहीस त्यात काय होते, आणि मला सांगता येत नाही. माझ्या डायरीत ६ जूनच्या पानावर एवढेच आहे: "बाबांचा नमुना. ८४. बरं वाटलं." एरवी मी रोज पानभर लिहिते, तुला माहीत आहे.

— मंजुताई


अकोला, २० फेब्रुवारी २०२५

नितेश,

हे पत्र बसून वाच. पाकिटात एक चिठ्ठी आहे, तिच्याकडे मग बघ.

आमच्या प्रयोगशाळेत नवे तीन जण आले आहेत. त्यांना शिकवायचे काम यंदा रागिणीकडे दिले. रागिणी म्हणजे माझ्या हाताखालची, सहा वर्षांपासूनची. मी वरिष्ठ म्हणून मागच्या बाकावर बसले होते. विषय टेट्राझोलियमची झटपट चाचणी. तुला कळावे म्हणून सांगते. बी रात्रभर ओल्या कागदात ठेवायचे, मग एका रंगहीन द्रावणात बुडवून तीन-चार तास उबेत, अंधारात. बी जिवंत असेल तर त्याच्या पेशींत ती घमेल्यांची ओळ चालू असते. हे द्रावण मध्येच ओळीत घुसते आणि एक घमेले आपल्या डोक्यावर घेते. घेतले की ते लाल होते, आणि जिथे झाले तिथेच चिकटून बसते. बी चिरून बघायचे. श्वास चालू तिथे लाल, मेलेले तिथे पांढरे. आठ दिवसांचे उत्तर एका दिवसात मिळते.

रागिणीने पडद्यावर फोटो लावला. चिरलेल्या सोयाबीनच्या ओळी, लालबुंद. नव्या मुलींपैकी एक म्हणाली, "मॅडम, किती छान रंग आलाय! सगळं जिवंत."

रागिणी म्हणाली, "इथंच फसतात सगळे. निरोगी बी गुलाबीसर लाल होते, एकसारखे, हळूहळू. हा रंग बघा, गडद, काळपट. ह्या पेशींची आवरणे फुटलीत. द्रावण अडवायला कोणी नाही म्हणून ते बेसुमार आत शिरलेय. ही जगायची निशाणी नाही. हे बी मरायला लागलेय. ह्यातले फार थोडे उगवेल."

फोटोत काचेच्या ताटलीच्या कडेला मार्करने "वा" लिहिलेले होते. अक्षर माझे. वामनरावांचा "वा". नमुना घरचा म्हणून मी त्याला नोंदणीचा क्रमांक दिलाच नव्हता.

रागिणीने फोटो कुठला ते सांगितले नाही. माझ्याकडे बघितलेही नाही. मी पूर्ण तास बसून राहिले आणि शेवटी टाळ्या वाजवल्या.

आता ६ जून सांगते.

बाबांनी आधी घरी गोणपाट लावले होते. दरवर्षीसारखे शंभर दाणे, दहाच्या दहा ओळी, ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा दिवस. उलगडले तेव्हा एक्केचाळीस उगवलेले. सत्तरच्या खाली आले की बी जास्त टाकायचे, आणि एक्केचाळीस आले की ते पेरायचेच नसते, हे त्यांना माझ्याआधी माहीत होते. त्यांनी मला फोन केला, "मंजू, यंदा एक्केचाळीसच निंगून राहिले. तू पाय बरं तुह्या मशिनीत. परवा लोकं बी न्याले येतीन."

नमुना दुसऱ्या दिवशी आला. ६ तारखेला दुपारी मी तो चिरला. त्या दिवशी माझ्यापुढे एकतीस नमुने होते, हे खरे आहे. पण ती सबब नाही, सांगायला सांगते. शेजारी रागिणी होती. ती म्हणाली, "ताई, हा रंग जरा गडद नाही वाटत?" मी म्हटले, "लाल आहे ना? मग पुढचा घे." ताटलीचा फोटो तिने तेव्हाच काढून ठेवला असणार. शंभरातले चौऱ्याऐंशी जिवंत मोजले. बाबांना फोन केला आणि म्हटले, "बाबा, तुमचं गोणपाट वाळलं असेल मध्येच. बी उत्तम आहे. बिनधास्त वाटा."  ते म्हणाले, "तसंच असन. तू शिकेल हायेस." मी प्रयोगशाळेच्या कागदावर आकडा लिहून, सही करून, फोटो काढून पाठवला. तो कागद त्यांनी पारावर वाचून दाखवला होता. तू तिथे होतास.

रंग गडद आहे हे मला दिसले होते का? हा प्रश्न मी आठ महिने रोज स्वतःला विचारते आणि रोज वेगळे उत्तर मिळते. आज लिहिते ते असे: दिसले होते. पण बापाच्या गोणपाटापुढे माझी ताटली खोटी पडावी, हे मला नको होते. वर्षानुवर्षे गाव त्यांचे बी नेत होते; एकदा माझा कागद नेऊ दे, असे कुठेतरी होते. नियमाची उगवण चाचणी लावली असती तर आठ दिवस लागले असते, आणि पेरणीला बारा दिवस होते. "थांबा" एवढा एक शब्द पुरला असता.

बी उगवले नाही तेव्हा मी बाबांना फोन केला. मी रडत होते. ते म्हणाले, "तू काई बोलू नको. मी पायतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर सांगितले की तपासाला पाठवलेला नमुना एकाच चांगल्या पोत्यातला होता, पोरीचा कागद खरा, चूक माझी. मी त्यांना हे सांगायला सांगितले नव्हते. अडवलेही नाही.

ही चिठ्ठी त्या नमुन्याच्या कापडी पिशवीत होती. अक्षर ओळख: "चौदाही पोत्यांतून काढले. वरून, मधून, खालून. वामन." ही मी टेबलाच्या खणात ठेवली आणि त्याच खणातून कागद घेऊन तुला भाऊबिजेचे पत्र लिहिले. "बाबांनी चूक केली" असे लिहिताना ती माझ्या मनगटाखाली होती.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: हो, खोटे म्हणते.

शेडचे आणि ताडपत्रीचे जे लिहिले ते खरे आहे, पण ते तुला मारायला लिहिले होते. बी कुठेही मरते. मेलेल्याला जिवंत म्हणून सही करणारी मी होते.

— मंजुषा


अकोला, ३१ मार्च २०२५

नितेश,

तुझा फोन आला. आठ महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. तू "आठ महिने, ताई?" एवढेच म्हणालास आणि ठेवलास.  

काल पाडव्याला गावी गेले आणि बाबांना सांगितले, की मी पारावर सगळे सांगणार आहे आणि प्रयोगशाळेतही लिहून देणार आहे. ते गुढीचा कळस पुसत होते. हात थांबला नाही.

"कायले?" म्हणाले.

"कारण ते खरं आहे."

"मी गावाले एक सांगतलं. आता तू दुसरं सांगशीन. मंग मी खोटा पडतो."

मी म्हटले, "बाबा, तुम्ही खोटे पडलातच. लोक तुमच्या तिळगुळाला हसतात."

"हसू दे. हसल्यानं माह्यं काय जाते? सत्तर पार झालो. तुह्यापाशी त्या सहीशिवाय हाय काय, मंजू? नवरा नाई, लेकरू नाई. सही गेली त तू कोनाची?"

हे त्यांनी मायेने म्हटले. नितेश, मला आयुष्यात कोणी यापेक्षा वाईट काही बोललेले नाही.

मी विचारले, "आणि नितेश? त्याला तरी शेडचं का नाही बोललात?"

तेव्हा त्यांनी कळस खाली ठेवला. "त्याच्या घरी नुकतंच लेकरू आलं होतं. मी त्याले म्हनू काय, का तुह्या बायकोच्या डोहाळजेवनानं बी मेलं? जलमभर त्या पोरीले ते आयकू येईन."

मग कळस पुन्हा उचलत म्हणाले, "तसंबी चूक माहीच हाय. माह्या हातानं एक्केचाळीस मोजले होते. डोयानं पायले होते. अन् तुह्या कागदावर इस्वास ठुला. काहून ठुला? पोरीचा कागद होता म्हनून ठुला."

आपल्या घरात शेवटचे घमेले नेहमी त्यांच्याच हाती आले. तू दिलेस, मी दिले. ते घेतात हे माहीत होते म्हणून आपण कधी मागे वळून बघितले नाही.

त्यांनी मला शपथ घातली आहे. मी ती मोडणार आहे. हे बरोबर की चूक, कळत नाही. त्यांना सोडवायला जाते की स्वतःला, तेही नाही कळत. पण पार्बताबाई "मले सांगाचं होतं" म्हणाल्या, ते चुकीच्या माणसाला म्हणाल्या.

— मंजुषा


अकोला, ८ जून २०२५

नितेश,

गेल्या रविवारी मी पारावर बोलले. निवेदन लिहून नेले होते, ते वाचले. रागिणीने दिलेला फोटो फोनवर सगळ्यांना दाखवला आणि गडद लाल म्हणजे काय ते सांगितले. अर्ध्यांना कळले असेल. बाबांच्या चिठ्ठीबद्दलही सांगितले.

कथा-कीर्तनात असते तसे काही झाले नाही. नत्थुजी म्हणाले, "म्हंजे बाप-लेक दोघंबी आमाले खोटं बोलले. बरं झालं, कळलं." एक जण म्हणाला, बापाला वाचवायला पोरगी आता स्वतःवर घेऊन राहिली. मी सगळा फोटो समजावून सांगितला, तरी तो मान हलवत राहिला. पार्बताबाई शेवटपर्यंत बसल्या होत्या. उठताना म्हणाल्या, "मंग आता मी काय करू बाई? यंदा तुहा कागद पेरू वावरात?" त्यांना मी काय देऊ शकते, ते मला सुचलेले नाही. क्षमा मागितली. ती त्यांनी घेतली नाही, आणि घ्यावी असे काही नव्हतेच त्यात.

प्रयोगशाळेने माझा सहीचा अधिकार काढला. काम आहे, पण अहवालावर आता रागिणी सही करते. मी चिरते, मोजते, तिच्यापुढे ठेवते. ती अजून "ताई" म्हणते. परवा एका नमुन्यावर मी म्हटले, "हे गडद वाटतेय." तिने दिवा ओढून दोनदा बघितले आणि मग मान डोलावली. दोनदा बघितले, हे मी डायरीत लिहून ठेवले.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पारावरून घरी आले, पायताण काढले आणि म्हणाले, "शपथ मोडली ना? जा आता अकोल्याले." फोन उचलत नाहीत. माझा नंबर बंद करायला त्यांना येत नसेल, एवढेच. गेल्या वर्षी तू ज्या जागेवर होतास तिथे आता मी आहे. तुला मी काय काय लिहिले, ते सगळे मला पाठ आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते. शेजारच्या माणिकबाईंचा निरोप आला. बाबांनी यंदाही गोणपाट लावले आहे. शुक्रवारी गुंडाळले, म्हणजे गुरुवारी, १२ तारखेला उलगडतील. बी मागच्याच खोलीत होते, वर्षभर हलवलेले नाही. पण गावात कोणी विचारायलाही आलेले नाही. स्वतःच्या सहा एकरांसाठी म्हणतात.

त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मे महिन्यात त्यांनी तुरीचे असेच गोणपाट तीनदा मोजले आणि तिन्हीदा वेगळा आकडा आला, असे माणिकबाई सांगतात. मला ते त्याला हात लावू देणार नाहीत. आणि ते बरोबर आहे.

म्हणून गुरुवारी तू जा. पोरीला ने. क्षमा मागू नकोस, त्यांना ते जमत नाही, आणि तुलाही नाही. माझा विषय काढू नकोस. शेडचे त्यांच्यापुढे बोलायचे असेल तर तुझे तू बघ. फक्त ओसरीवर त्यांच्याशेजारी बस आणि गोणपाट उलगडताना दुसरे टोक धर. दहाच्या दहा ओळी. ज्याला नीट मूळ फुटले असेल तोच धरायचा, जो नुसता फुगला असेल तो नाही. ते तुझ्या तोंडाकडे बघतील. तू दाण्यांकडे बघ.

मग जो आकडा येईल तो मोठ्याने सांग. एक्केचाळीस आला, तर एक्केचाळीसच म्हण.

— मंजुताई